हॅशसेटमध्ये तीन कऱ्हाड

आमच्याकडे नवीन आलेल्या पोरापोरींचा कोड बहुतेक वेळा माझ्याकडे रिव्ह्यूला येतो. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो: सभासद, ठेवी, कर्ज, पिग्मी, लाभांश. सगळं जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. यात भारी अल्गोरिदम म्हणावं असं काही नसतं, असतात त्या याद्या. सभासदांची यादी, थकबाकीदारांची यादी, आजच्या पिग्मीची यादी, या यादीतले त्या यादीत आहेत का, नसतील तर का नाहीत. दिवसभर आम्ही याद्याच हाकतो. म्हणून कोड उघडला की मी आधी कलेक्शन (याद्या साठवायची जावातली तयार रचना) कुठलं घेतलंय ते बघते. लिहिणाऱ्याने प्रश्न किती समजून घेतलाय, ते तिथेच बऱ्यापैकी कळतं.

लिंक्डलिस्ट दिसली की मी थांबते. इंजिनिअरिंगच्या व्हायव्हात एक प्रश्न हमखास येतो: ॲरेलिस्ट आणि लिंक्डलिस्ट यांत फरक काय? उत्तरही पाठ असतं. नुसतं वाचायचं असेल तर ॲरेलिस्ट, मधे घालायचं-काढायचं असेल तर लिंक्डलिस्ट. मार्क मिळतात आणि ते वाक्य डोक्यात घर करून बसतं. मग नोकरीत आल्यावर पोरगं 'यातून मधले सभासद काढायचेत' म्हणून इमानदारीत लिंक्डलिस्ट घेतं. अरे, पण मधे पोचणार कसा? वीस हजारांच्या यादीत दहा हजाराव्या जागी जायचं तर एकेक कडी धरत जावं लागतं. तिथून काढणं क्षणाचं काम आहे हे खरं, पण सगळा वेळ पोचण्यातच गेला. ॲरेलिस्टमध्ये एक काढला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकवावे लागतात. ऐकायला महाग वाटतं. पण ती सरकवासरकवी म्हणजे सलग मेमरीचा एक तुकडा उचलून शेजारी ठेवणं, आणि आजचे प्रोसेसर ते काम झपाट्याने उरकतात. लिंक्डलिस्टच्या कड्या मेमरीत वाट्टेल तिथे विखुरलेल्या असतात. शिवाय प्रत्येक वस्तूमागे पुढचा आणि मागचा पत्ता सांभाळणारं एक जास्तीचं ऑब्जेक्ट असतं, ते वेगळंच.

जावाची ही कलेक्शन्स जोशुआ ब्लॉक यांनी रचली आणि डिसेंबर १९९८ मध्ये १.२ आवृत्तीबरोबर ती सगळ्यांच्या हातात आली. त्याआधी व्हेक्टर आणि हॅशटेबल यांच्यावरच भागवावं लागायचं. (इंटरव्ह्यूत अजून व्हेक्टर विचारतात. का, ते विचारणाऱ्यालाच माहीत.) याच ब्लॉकसाहेबांनी २०१५ मध्ये ट्विटरवर विचारलं होतं की लिंक्डलिस्ट खरंच कोणी वापरतं का, लिहिली मीच, पण मी काही ती कधी वापरत नाही. हे मी दर बॅचला सांगते. ज्याने लिहिली तो वापरत नाही, तर तुम्हीही राहू द्या. रांग हवी असेल तर ॲरेडेक आहे.

काढण्यावरून आठवलं. फॉर लूप फिरत असताना त्याच यादीतून एखादा काढला, की जावा 'कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन' फेकतं. नावात कॉन्करंट (एकाच वेळी) आहे म्हणून पोरं थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी दुसरी कामं, शोधत बसतात. थ्रेड बिचारा एकच असतो. आपल्यात किती वेळा भर किंवा घट झाली याचा एक आकडा यादी स्वतःजवळ ठेवते. फिरणारा इटरेटर सुरुवातीला तो लिहून घेतो, आणि पुढची वस्तू मागताना दोन्ही आकडे जुळले नाहीत तर ओरडतो. पण शेवटून दुसरा काढलात तर तो ओरडत नाही! कारण पुढे कोणी आहे का हे बघताना तो फक्त आपली जागा आणि यादीची लांबी ताडून बघतो. एक कमी झाल्यावर दोन्ही सारखे होतात, त्याला वाटतं यादी संपली, आणि शेवटचा सभासद न तपासताच लूप गुपचूप बाहेर पडतो. चाचणीत तीन नावं घेऊन मधलं काढलं, की सगळं हिरवं. जावा ८ पासून अटीत बसणारे सगळे एकदम काढणारं 'रिमूव्हइफ' आहे, ते वापरावं आणि विषय मिटवावा.

आता खरा गुन्हेगार. बँकेकडून आलेल्या फाइलमधल्या नोंदी आपल्या सभासदांशी ताडून बघायच्या असतात, आणि लिहिलेलं असतं असं: फाइलमधली एकेक नोंद घ्या, सभासदांच्या लिस्टला 'कंटेन्स' विचारा. वाचायला छान वाटतं, एका ओळीत काम. ती एक ओळ आत काय करते ते दिसत नाही एवढंच. लिस्ट पहिल्यापासून चाळत जाते. ४०,००० सभासद आणि तेवढ्याच नोंदी धरा. प्रत्येक नोंद सरासरी निम्म्यावर सापडते असं मानलं तरी ८० कोटी तुलना. डेव्हलपरच्या मशीनवर २०० नोंदी असतात, तिथे याच हिशेबाने २०,००० तुलना होतात आणि बटण दाबल्याबरोबर रिपोर्ट येतो. महिनाअखेरीला पतसंस्थेतून फोन येतो की चक्र फिरतंय. लिस्टच्या जागी हॅशसेट केला की काम संपलं. बदल एका शब्दाचा.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये मिळेल. मला ज्याबद्दल लिहायचंय ते यापुढे सुरू होतं. लिस्ट तुम्हाला काही विचारत नाही. द्याल ते ठेवते, दोनदा द्याल तर दोनदा ठेवते. सेट (एकच वस्तू दोनदा न ठेवणारा) आणि मॅप (प्रत्येक वस्तू एका किल्लीखाली ठेवणारा) मात्र पहिल्याच वस्तूला विचारतात: यातले दोन एकच आहेत हे मी कशावरून ठरवू? तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर ते आपलं आपण ठरवतात, आणि त्यांचं उत्तर तुमच्या मॅनेजरच्या किंवा पतसंस्थेच्या क्लार्कच्या उत्तराशी जुळेलच असं नाही.

हॅशसेट आतून हॅशमॅपच असतो. टपाल कार्यालयात पत्रं लावायला खणांची फळी असते तसे त्याच्यात खण असतात, सुरुवातीला १६. वस्तूवरून एक आकडा काढायचा, त्यावरून खण ठरवायचा आणि तिथे टाकायची. खणांच्या तीन चतुर्थांश वस्तू झाल्या, म्हणजे १२, की तेराव्याला खण दुप्पट करून सगळ्यांची नव्याने मांडणी होते. शोधताना तोच आकडा परत काढायचा आणि थेट त्याच खणात हात घालायचा. बाकीच्यांकडे बघायचंही नाही. वेग येतो तो यातून.

हा आकडा, म्हणजे हॅशकोड, स्ट्रिंगसाठी (अक्षरांच्या मजकुरासाठी) कसा काढतात ते जावाच्या अधिकृत माहितीतच दिलेलं आहे: पहिल्या अक्षराचा युनिकोड क्रमांक (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यातला) घ्या, ३१ ने गुणा, पुढचं अक्षर मिळवा, परत ३१ ने गुणा, असं शेवटपर्यंत. जाहीरच करून ठेवलंय, त्यामुळे आता बदलताही येत नाही. जेशेल (जावाच्या ओळी लगेच चालवून बघायचं कन्सोल) उघडा आणि 'गाणे' या शब्दाचा हॅशकोड विचारा, मग 'घटणे' या शब्दाचा. दोन्हीला ७१६७२२६७ येईल. योगायोग वाटतो, पण हिशेब सरळ आहे. युनिकोडच्या तक्त्यात ग २३२७ वर आणि घ २३२८ वर, म्हणजे घ एकाने पुढे. ३१ ने गुणल्यावर तो ३१ ने पुढे गेला. काना २३६६ वर आणि ट २३३५ वर, म्हणजे ट बरोबर ३१ ने मागे. मागचं-पुढचं फिटलं. 'णे' दोन्हीकडे सारखा. याच न्यायाने 'बा' आणि 'भट' एका खणात, 'भू' आणि 'मण' एका खणात. इंग्रजी पुस्तकांत याची नेहमीची उदाहरणं कॅपिटल ए आणि बी ची असतात. देवनागरीत असे जोड शोधायचा नाद मला मध्यंतरी लागला होता. कन्सोलवर वेळ घालवायला याहून वाईट मार्ग आहेत.

एकाच खणात दोघे आल्याने काही बिघडत नाही, कारण खणात पोचल्यावर मॅप 'इक्वल्स' (दोन वस्तू एकच आहेत का ते ठरवणारं फंक्शन) विचारतो आणि गाणे वेगळं, घटणे वेगळं हे त्याला कळतं. बिघडतं ते एकाच खणात हजारो कोंबल्यावर. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये दोघा संशोधकांनी हे करून दाखवलं होतं: एकाच खणात जाणारी नावं मुद्दाम तयार करून एका वेब रिक्वेस्टमध्ये पाठवायची, आणि सर्व्हर त्यांच्यातच चाळत बसतो. पीएचपी, जावा, पायथन, रुबी सगळ्यांनाच ते लागू पडत होतं. पायथनने ३.३ आवृत्तीपासून दर वेळी हॅशमध्ये वेगळा यादृच्छिक आकडा मिसळायला सुरुवात केली. जावाचं सूत्र जाहीर असल्याने ती वाट बंद होती. जावावाल्यांनी २०१४ मध्ये जावा ८ ला दुसरा उपाय केला: खणात आठाहून जास्त वस्तू साठल्या आणि खण किमान ६४ असले, तर त्या खणाची साखळी मोडून त्याचं संतुलित झाड करायचं.

पण आमच्या दुखण्यांत खणांचा वाटा नगण्य. दुखणं 'इक्वल्स'चं आहे.

गेल्या वर्षी सर्वसाधारण सभेच्या तयारीत एका पतसंस्थेला 'गावनिहाय सभासद' असा रिपोर्ट हवा होता. कोड तीन ओळींचा: सभासद घ्या, गावाच्या नावावर गट करा, मोजा. रिपोर्ट गेला आणि क्लार्कताईंचा फोन आला, "अहो ताई, कऱ्हाड तीनदा आलंय. आणि तिन्हीकडे आकडे वेगळे." मी मूळची कऱ्हाडचीच, त्यामुळे टिकेट दुसऱ्या कोणाकडे जाऊ दिलं नाही.

डीबगरमध्ये मॅप उघडून बघितला तर खरंच तीन किल्ल्या. तिन्ही डोळ्यांना अगदी सारख्या: कऱ्हाड, कऱ्हाड, कऱ्हाड. मागेपुढे जागाही नाही. अशा वेळी स्ट्रिंगकडे बघत बसण्यात अर्थ नसतो. तिची लांबी विचारायची आणि एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक छापून घ्यायचा. लांबी आल्या ६, ७ आणि ७.

सहावाल्यात क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. यातला ऱ हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर आहे, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की येतं ते. पहिल्या सातवाल्यात ऱ च्या जागी साधा र आणि त्यापुढे नुक्ता अशी दोन चिन्हं होती, दिसायला तेच. दुसऱ्या सातवाल्यात र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला रुंदीच नसते. जुन्या फाँटांतला डेटा युनिकोडमध्ये आणणारे बरेच कन्व्हर्टर हे तिसरं रूप काढतात, आणि या संस्थेचा जुना डेटा अशाच एका कन्व्हर्टरमधून आला होता. काही नोंदी क्लार्कच्या कीबोर्डवरून आल्या, काही मोबाइल ॲपमधून. हॅशमॅपने कोणावरही अन्याय केला नव्हता. त्याला तीन वेगवेगळ्या स्ट्रिंगा दिल्या, त्याने तीन ठेवल्या.

आमच्याकडच्या एका हुशार पोराने लगेच सांगितलं, "ताई, नॉर्मलायझर लावू." बरोबर आहे, जावात तो आयता आहे आणि युनिकोडच्या नियमाप्रमाणे र आणि नुक्ता यांचा एक ऱ करतो. तीनाचे दोन झाले. पण अदृश्य जोडचिन्हाला तो हात लावत नाही, लावायचाच नाही असा नियम आहे. मग पोरगं म्हणालं, ते सरळ पुसून टाकू. आणि इथे मला त्याला थांबवावं लागलं. र, हलन्त, जोडचिन्ह, ह यातलं जोडचिन्ह काढलं की ह च्या डोक्यावर रफार बसतो, आणि कर्हाड असं भलतंच काहीतरी उरतं. गावाच्या नावाचं एक वेळ चालवून घेऊ, पण हाच नियम सगळ्या मजकुराला लावला तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होईल, कारण दऱ्या आणि दर्या यांच्यात फरक आहे तो तेवढाच. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी 'र, हलन्त, जोडचिन्ह' हे तिघे एकत्र दिसले की त्यांच्या जागी 'ऱ, हलन्त' घालायचं, मग नॉर्मलायझर, आणि मग जी जोडचिन्हं उरतील ती काढायची.

एवढं केल्यावर दुसरं निघालं. वकील सभासदांच्या नावामागचं ॲड. दोन-तीन तऱ्हांनी साठवलेलं. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र द्यायचे, कधी मधे जोडचिन्ह घालून, कधी न घालता. दिसायला सगळं सारखंच. यांना एक मानायला युनिकोडचा नॉर्मलायझर तयार नाही, त्याच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरं आहेत. म्हणजे ही ओळ आपली आपणच लिहायची. एक्सेलमधून किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या नावांच्या शेवटी न तुटणारी जागा येते, तिला मागच्या-पुढच्या जागा छाटणारं जावाचं 'ट्रिम' हात लावत नाही आणि जावा ११ मध्ये आलेलं 'स्ट्रिप'ही लावत नाही. तीही हातानेच काढावी लागते. उलट देवनागरी आकड्यांच्या बाबतीत जावा समजूतदार आहे: '१२३' ही स्ट्रिंग इंटीजर करायला दिली तर बिनतक्रार करून देतं. सभासद क्रमांक स्ट्रिंग म्हणून किल्ली केला तर मराठी १२३ आणि इंग्रजीतले १२३ दोन माणसं होतात, इंटीजर केला तर एकच.

हे सगळं एका छोट्या फंक्शनमध्ये आहे आणि त्याचं काम फक्त किल्ली बनवणं. मूळ नाव जसं आलं तसंच साठवायचं आणि तसंच छापायचं, याबाबत मी हट्टी आहे. माणसाचं नाव आधारवर जसं आहे तसं पासबुकावर यायला हवं. आम्हाला दोन नोंदी जुळवायला सोपं जावं म्हणून त्याच्या नावाचं शुद्धलेखन आम्ही बदलायचं नाही.

आणि एवढं करूनही 'कराड' राहिलंच. तेही लोक सर्रास लिहितात आणि ते चूक नाही. इथे कुठलंही फंक्शन कामाचं नाही, कारण ही दोन नावं एकाच गावाची आहेत हे अक्षरांत कुठेच लिहिलेलं नाही. उलट बाजूने वडगाव घ्या. अक्षर न् अक्षर सारखं, पण महाराष्ट्रात वडगावं किती असतील कोण जाणे, आणि एकाच पतसंस्थेच्या कार्यक्षेत्रात दोन वडगाव सहज निघतात. कऱ्हाडच्या वेळी मॅपने एकाचे तीन केले होते, इथे दोनांचा एक केला. तक्रार मात्र तीनवाल्याचीच आली. जास्तीचं दिसतं, गडप झालेलं दिसत नाही. शेवटी गावाचं नाव किल्ली म्हणून वापरणंच बंद केलं. प्रत्येक गावाला केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत एक क्रमांक असतो, तो घेतला. नाव फक्त दाखवायला.

बदलत्या किल्लीचा किस्सा थोडक्यात. सभासद हे ऑब्जेक्टच हॅशसेटमध्ये टाकलं, आणि त्याचा हॅश नाव आणि मोबाइल यांच्यावरून निघतो असं ठेवलं. मग कोणीतरी त्याचा मोबाइल बदलला. आता सेटवरून लूप फिरवलात तर सभासद दिसतो, पण 'आहे का' विचारलंत तर नाही म्हणतो, आणि काढायला गेलात तर निघतही नाही, कारण तो जुन्या आकड्याच्या खणात आहे आणि शोध नव्या आकड्याच्या खणात चाललाय. जावा १६ पासून 'रेकॉर्ड' आहेत, ते तयार झाल्यावर त्यांचे घटक बदलता येत नाहीत. किल्लीसाठी तेच घ्या.

पैशांच्या बाबतीत याहून बेरकी प्रकार आहे. रकमा आम्ही बिगडेसिमलमध्ये (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) ठेवतो, डबलमध्ये (अंदाजे ठेवणारा) ठेवणाऱ्याला आमच्याकडे चहा मिळत नाही. तर बिगडेसिमलचे २.० आणि २.०० घ्या. 'इक्वल्स' म्हणतं वेगळे, कारण दशांशस्थळं वेगळी. लहान-मोठं ठरवणारं 'कंपेअरटू' म्हणतं सारखे, कारण किंमत सारखी. हॅशसेट 'इक्वल्स'चं ऐकतो, म्हणून त्यात दोन राहतात. ट्रीसेट, म्हणजे वस्तू क्रमाने लावून ठेवणारा सेट, 'कंपेअरटू'चं ऐकतो, म्हणून त्यात एकच राहतो. तोच डेटा, तीच भाषा, दोन सेट आणि दोन उत्तरं. अधिकृत माहितीत हे स्पष्ट दिलेलं आहे, पण ती वाचतो कोण. आम्ही आत येणारी प्रत्येक रक्कम दोन दशांशस्थळांना आणून मगच पुढे सोडतो.

ट्रीसेटला क्रम आणि समानता या दोन गोष्टी वेगळ्या कळतच नाहीत, हे पोरांना सांगूनही पटत नाही. कंपॅरेटरने (दोघांत आधी कोण ते सांगणाऱ्या फंक्शनने) शून्य दिलं, की त्याच्या मते दोघे एकच. मागे एकीने सभासद आडनावाप्रमाणे लागावेत म्हणून ट्रीसेट घेतला आणि कंपॅरेटर आडनावावर ठेवला. यादी फार सुंदर लागली. फक्त प्रत्येक आडनावाचा एकच सभासद उरला. सातारा-सांगलीकडच्या संस्थेत एकच पाटील! ते बघून क्लार्क आधी हसले आणि मग चिडले. उपाय साधा: आडनाव सारखं आलं तर नाव, नावही सारखं आलं तर सभासद क्रमांक, म्हणजे शून्य खऱ्या अर्थाने एकाच माणसाला मिळेल. खरं तर नुसतं क्रमाने छापायचं असेल तर लिस्ट घेऊन सॉर्ट करावी. तिथे कोणी हरवत नाही.

आणि सॉर्ट म्हटलं की ळ. शाळेत आपण य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ म्हणतो. युनिकोडच्या तक्त्यात ळ ची जागा ल च्या लगेच मागे, व च्या आधी. स्ट्रिंगा जशाच्या तशा सॉर्ट केल्या तर काळे आधी येतात, मग काशीद, मग कासार. वर्णमालेप्रमाणे काशीद, कासार आणि मग काळे यायला हवेत. बाकी देवनागरीचा क्रम तक्त्यात बऱ्यापैकी सांभाळलेला आहे, व्यंजनं आधी आणि काना-मात्रा नंतर असल्याने कदम कांबळ्यांच्या आधी आपोआप येतात. पण ळ सगळ्या यादीत बोचत राहतो. मराठी आडनावांत ळ तरी किती: काळे, गोळे, कांबळे, साळुंखे, माळी, वेताळ. आयसीयू या युनिकोडच्या तयार कोडच्या लायब्ररीत क्रमाचे नियम आपले आपण देता येतात, 'ह नंतर ळ' हे तिथे एका छोट्या ओळीत मावतं. मात्र तो कंपॅरेटर ट्रीसेटला द्यायचा असेल तर शेवटी सभासद क्रमांकाची तुलना जोडायला विसरू नका, कारण क्रम लावणाऱ्याची ताकद कमी ठेवली तर बारीक फरक सोडून देऊन तोही शून्य देतो.

ही ओळ लिहून मी एका संस्थेला दाखवली, तर तिथल्या जुन्या अकाउंटंटकाकांनी मान हलवली. त्यांच्या हाताने लिहिलेल्या खतावणीत ळ हा ल च्या शेजारीच होता, आधीपासून. म्हणाले, "बाई, तुमचं शाळेचं बरोबर असेल, पण काळे कुठे शोधायचे ते माझ्या हाताला माहीत आहे." दुसऱ्या एका संस्थेला नेमकं उलटं हवं होतं. मग वाद न घालता ती गोष्ट सेटिंगमध्ये टाकली: ळ कुठे, ल नंतर की ह नंतर. कंपॅरेटर त्याप्रमाणे बनतो. क्ष आणि ज्ञ यांचं अजून ठरलेलं नाही. वर्णमालेत ते शेवटी, कोडमध्ये क आणि ज च्या पोटात, म्हणजे क्षीरसागर एक तर कोळी-कौलगेंच्या मागे किंवा थेट यादीच्या तळाशी. दोन संस्थांनी संचालक मंडळात विचारून सांगतो म्हटलंय. तोपर्यंत ती ओळ कॉमेंट करून ठेवली आहे.